मुद्देमाल क्रमांक एक

वनपाल म्हणून लाकूडतोडीचे, वणव्यांचे, रानडुकराच्या शिकारीचे बरेच गुन्हे मी हाताळले आहेत, परंतु कागदपत्रे करताना हात थरथरण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली, कारण त्या वेळी मुद्देमाल जिवंत होता.

मे महिन्यातला शनिवार होता. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या नवी मुंबईतील पश्चिम विभागीय कार्यालयातून आमच्या परिक्षेत्र अधिकाऱ्यांना दुपारी फोन आला की, चिपळूणजवळ महामार्गावर खवले मांजराचा (पँगोलिनचा) सौदा ठरत असून विकणारे वीस लाख मागत आहेत. हा ब्युरो केंद्राचा आहे आणि 2007 पासून काम करतो, पण त्याच्यापाशी गावोगाव फौजफाटा नाही. वन, पोलीस, सीमाशुल्क अशा खात्यांतून प्रतिनियुक्तीवर आलेले मोजके अधिकारी माहिती जुळवतात आणि प्रत्यक्ष सापळा आमच्यासारख्यांना लावावा लागतो. शेजारच्या परिक्षेत्रातला, या भागात कोणी ओळखत नसलेला एक वनरक्षक बनावट ग्राहक झाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली की आम्ही धावायचे, असे ठरले.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास टोपी निघाली. ढाब्यामागे उभ्या केलेल्या गाडीत पाणी साठवायचे निळे पिंप होते, त्याच्या झाकणाला खिळ्याने भोके पाडलेली होती आणि आतून करकर असा आवाज येत होता. झाकण काढले तेव्हा तळाशी खवल्यांचा एक घट्ट गोळा दिसला. तिघांपैकी वयाने मोठा असलेला इसम माझ्या खाकी कपड्यांकडे पाहून म्हणाला, "तुम्ही पोलीस नाही. आम्हाला धरायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

प्रश्न उर्मटपणे विचारला होता, तरी तो अगदीच अडाणीपणाचा नव्हता. आपल्याकडे जंगलासाठी स्वतंत्र असे राष्ट्रीय पोलीस दल नाही. इटलीत ते 1822 पासून होते आणि 2017 मध्ये तिथल्या काराबिनिएरी या सशस्त्र पोलीस दलात विलीन होऊन आजही वनांचे व पर्यावरणाचे गुन्हे तपासते, असे मी एका प्रशिक्षणात ऐकले होते; त्या क्षणी मला त्याचा थोडा हेवाही वाटला. मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम 50 ने झडतीचा, जप्तीचा आणि अटकेचा अधिकार वन अधिकाऱ्यालाही दिला आहे. हे त्याला सांगितले, तेव्हा तो गप्प बसला. जनावर स्वतःच्या मालकीच्या रानात सापडले, हे त्याचे पुढचे म्हणणे. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतांश जंगल खासगी मालकीचे असल्यामुळे हे उत्तर आम्हाला पाठ झाले आहे, पण अनुसूची एकमधला, म्हणजे कायद्याने सर्वाधिक संरक्षण दिलेला प्राणी कोणाच्याही सातबाऱ्यावर नसतो.

खरी कसोटी पंचनाम्याची होती. जनावराचे वजन कसे लिहायचे? गोळा उचलून गोणपाटावर ठेवला, पिंपासह केलेल्या वजनातून रिकाम्या पिंपाचे वजन वजा केले आणि 9 किलो 400 ग्रॅम ही नोंद केली. लांबी मोजायला ते उलगडेना, म्हणून तो रकाना पशुवैद्यकीय तपासणीवर सोडला. सील तर करताच येईना. शेवटी फोटो काढले, पिंपाला चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर "मुद्देमाल क्रमांक एक" असे लिहून दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या. या अधिनियमाखाली न्यायालय पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नव्हे, तर कलम 55 प्रमाणे प्राधिकृत अधिकाऱ्याच्या तक्रारीवर दखल घेते. त्यामुळे आमचा पंचनामा लंगडा निघाला तर मागे सावरून घेणारे कोणी नसते. गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षांची शिक्षा होते, म्हणून बचावाचा वकील पहिले बोट पंचनाम्यावरच ठेवतो.

रात्री ते पिंप परिक्षेत्र कार्यालयात माझ्या टेबलाशेजारी होते. खवले मांजराला दात नसतात, त्याचे खाणे मुंग्या आणि वाळवी, आणि माणसांच्या गराड्यात ते बहुधा काहीच खात नाही. एका वनमजुराने बॅटरी घेऊन जाऊन वारुळाचा ढेकूळ आणला, तोही जनावराने हुंगला नाही. पशुधन विकास अधिकाऱ्यांनी पहाटे तपासून पुढच्या पायाच्या नख्या रक्ताळल्याचे नोंदवले आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "याला लवकर सोडा, नाहीतर तुमच्या हातात कातडेच उरेल." पण जप्त केलेला प्राणी कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता आणि न्यायालयापुढचा पुरावा असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्याला सोडता येत नव्हते. शिवाय दिवस रविवारचा.

सुटीच्या न्यायालयात आरोपींना तीन दिवसांची वनकोठडी मिळाली. आमच्या अर्जावर दंडाधिकाऱ्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र वाचले आणि प्राणी बरोबर आणला आहे का, असे विचारले. आम्ही पिंप आत नेले. त्यांनी खुर्चीवरून उठून वाकून पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि फोटो व मोजमापे पुरावा म्हणून जतन करण्याच्या अटीवर त्याच दिवशी प्राणी अधिवासात सोडण्याची परवानगी दिली.

रात्री नऊ वाजता, गावाचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही, एका कड्याखालच्या रानात पिंप आडवे केले. वीसेक मिनिटे काहीच हलले नाही. मग गोळ्यातून आधी नाक बाहेर आले, पाठोपाठ मागचे पाय टेकले गेले, आणि पुढच्या नख्या छातीशी धरून ते म्हाताऱ्या माणसासारखे कमरेत वाकून चालत झुडपात गेले. थोड्याच वेळाने अंधारातून माती उकरल्याचा आवाज आला. पंचांनी बॅटरीच्या उजेडात मुक्ततेच्या पंचनाम्यावर सह्या केल्या.

निळे पिंप मात्र अजून आमच्या गोदामात लाखेचे सील लावून ठेवलेले आहे. ते मुद्देमाल क्रमांक दोन असून खटला अजून चालू आहे.