डोक्याची गोळी आणि गार पडलेले पाय

नवरात्र बसलं की आमच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या जास्त जातात. कारण उघड आहे. पेठेतल्या कितीतरी बायका नऊ दिवस उपवास धरतात, पहाटे अंबाबाईच्या रांगेत उभ्या राहतात आणि दिवस चहा आणि मूठभर साबुदाण्यावर काढतात. उपाशी पोट, मोडलेली झोप, ऊन, गलका, उदबत्तीचा उग्र वास, यातली एकेक गोष्टसुद्धा अर्धशिशी असलेल्या माणसाचं डोकं उठवायला पुरेशी असते. इथं तर सगळ्या एकदम येतात.

मी फार्मासिस्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं हे दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी बघते. त्या ललितापंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला गेली होती, टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फुटून माणसं परतायला लागली होती आणि काउंटरवर अगदी रेटारेटी होती. त्या गर्दीतनं ती पुढं आली. गल्लीतच राहते, ब्लाऊज शिवते, माझेही तीच शिवते. वय चाळिशीच्या अलीकडंच.

"काकू, ताकदीच्या गोळ्या द्या की. हातापायाला लई मुंग्या येत्यात."

"कधीपासनं?"

"काल-परवापासनं. अनवाणी चालायलोय न्हवं, त्यानं असंल. आज टेंबलाईला निघालो तर पोटऱ्या अशा धरून आल्या, निम्म्यातनंच माघारी फिरलो. जरा बसलं की बरं वाटतंय, चाललं की परत धरत्यात."

नवरात्रात अनवाणी चालणाऱ्या बायका आमच्याकडं घरोघरी आहेत, त्यामुळं तिचं कारण कुणालाही पटलं असतं. बी-कॉम्प्लेक्सची पट्टी मी काढलीही होती. तिनं नोट दिली, मी दहाचं नाणं काचेवर ठेवलं. ते तिला उचलता येईना. बोटांच्या चिमटीतनं नाणं सारखं निसटायचं. शेवटी तिनं ते तळव्यानं काचेच्या कडेपर्यंत ओढलं आणि खाली दुसरा हात धरून त्यात पाडून घेतलं. ही बाई मशीन चालू असताना माझ्याशी बोलत, न बघता सुईत दोरा ओवते.

मी तिचा हात हातात घेतला. पेरं पांढरीफटक, नखांखाली जांभळट झाक. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळ्यांच्या अंगाला धारा लागल्या होत्या आणि तिचा हात नळाखाली धरून ठेवल्यासारखा गार. मनगटाची नाडी शोधली तर दोन्हीकडं नीट लागेना. तिला आत घेऊन स्टुलावर बसवलं, ट्यूबच्या उजेडात पाय बघितले. धुळीनं माखलेले होते, ओल्या कापसानं पुसले. दोन्ही पायांची बोटं निळसर पडली होती. चालून चालून पाय दुखतील, सोलतील, फोड येतील. पण चारही हातपाय एकदम गार पडणं हे अनवाणी चालण्याचं काम नव्हे.

"औषध कुठलं चालू आहे?"

"घशाचं. घसा धरलाय न्हवं. बाकी काय न्हाई."

"बीपी? शुगर? थायरॉईड?"

"काय न्हाई ओ."

घशाचं म्हणून तिनं पिशवीतनं पट्टी काढली. क्लॅरिथ्रोमायसीन, 500 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. तीन दिवसांपूर्वी सुरू केलेलं. ते बघितलं आणि मी तिला सरळ विचारलं, "डोक्याला काय घेतेस?"

"ती व्हय? ती रोजचीच हाय. ते काय औषध हाय व्हय?"

दुसरी पट्टी निघाली. अर्गोटामीन, कॅफीन, पॅरासिटामॉल आणि उलटी थांबवणारं प्रोक्लोरपेराझीन, अशा चार औषधांची मिळून असते ती गोळी. फार वर्षांपूर्वी कुणी डॉक्टरांनी लिहून दिलेली. पुढं चिठ्ठी विरून गेली, गोळी राहिली. माझ्याकडं चिठ्ठीशिवाय मिळत नाही म्हणून भावाकडनं बाहेरगावाहून मागवायची. एरवी आठवड्यातनं चार-पाच. नवरात्र बसल्यापासनं रोज दोन, कधी तीन.

काउंटरवर त्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या आणि सगळा उलगडा त्यातच होता.

अर्गोटामीन रक्तवाहिन्या आवळतं. अर्धशिशीत ते उपयोगी पडतं, पण ते काही फक्त डोक्यातल्याच वाहिन्या आवळत नाही. यकृतातलं एक एन्झाइम ते मोडून शरीराबाहेर काढायचं काम करतं. क्लॅरिथ्रोमायसीन नेमकं त्याच एन्झाइमला बांधून ठेवतं. मग रोजचीच गोळी घेतली तरी औषध रक्तात साठत जातं आणि हातापायांच्या वाहिन्या आवळतच राहतात. वेळेत लक्षात आलं नाही तर बोटं काळी पडतात, कापावी लागतात. ज्यांच्या घरी बाजरी पिकते त्यांना कणसावर पडणारा अरगट माहीत असतो. त्याच कुळातली एक बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडायची. मध्ययुगात तिथं त्या धान्याची भाकर खाऊन गावंच्या गावं आजारी पडली, लोकांचे हातपाय काळे पडून गळाले. त्या रोगाला तिकडं संत अँथनीची आग म्हणत. त्याच बुरशीतनं 1918 साली आर्थर स्टोल यांनी स्वित्झर्लंडमध्ये अर्गोटामीन वेगळं काढलं. पुढं कित्येक वर्षं अर्धशिशीवर हुकमी म्हणावं असं तेच एक औषध होतं.

ज्या डॉक्टरांनी घशासाठी गोळ्या लिहिल्या होत्या त्यांना फोन लावला. त्यांनी तिला विचारलं होतं, "कुठलं औषध चालू आहे का?" तिनं त्यांनाही "न्हाई" म्हणूनच सांगितलं होतं. त्यांनी दोन वाक्यांत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही बंद. चालवू नका तिला. मी पुढं फोन करतो, लगेच दवाखान्यात हलवा."

हलवायचं कसं? देवळाच्या बाजूचे रस्ते नवरात्रात गाड्यांना बंद असतात आणि गल्लीत माणूस माणसाला लागून चाललेलं. मिरजकर तिकटीला रिक्षा मिळाली असती, पण तिथवर तिला चालवायचं नव्हतं. दुकानातल्या पोरानं तालमीत हाक दिली. चार पोरं आली, दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, तिला बसवलं आणि "व्हा बाजूला, पेशंट हाय" म्हणत गर्दीतनं वाट काढली. ती सारखी म्हणत होती, "अरे सोडा, मी चालतो की, देवीचं दिवस हायेत, बघत्यात समदी." मी शेजारनं चालत होते. हातात त्या दोन पट्ट्या. दवाखान्यात तोंडी सांगण्यापेक्षा पट्टी दाखवलेली बरी, हे मी सगळ्यांना सांगते. पट्टीवर नाव असतं, प्रमाण असतं, किती संपल्या तेही दिसतं.

दवाखान्यात डॉप्लर केला, म्हणजे वाहिन्यांतनं रक्त कसं वाहतंय ते बघायची सोनोग्राफी. हातापायांच्या रक्तवाहिन्या ठिकठिकाणी दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या. सलाईन, रक्त गोठू नये म्हणून हेपारीन, वाहिन्या सैल करायला औषध, आणि पाय कापसात गुंडाळून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा हाताला ऊब आली होती. पायाला यायला आणखी दोन दिवस लागले. रक्त परत फिरायला लागतं तेव्हा आग होते. ती दात-ओठ खाऊन सोसत होती. उजव्या पायाच्या करंगळीचं कातडं पुढं सोललं, पण बोटं सगळी वाचली.

माझ्या मते खरं अवघड काम त्यानंतर सुरू झालं. पाय बरे झाले, डोकं तसंच होतं. न्यूरोच्या डॉक्टरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून समजावलं, मीही तिथं होते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातनं पंधरा किंवा जास्त दिवस, आणि अर्गोटामीन, ट्रिप्टान (अर्धशिशीवरच्याच औषधांचा दुसरा गट) किंवा अशी मिश्र गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळीचा अंमल उतरला की डोकं उठतं, म्हणून पुन्हा गोळी. नवरा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्सं हे गोळीमुळं दुखत होतं?" डॉक्टर म्हणाले, "मूळ अर्धशिशी खरीच आहे. महिन्यातनं चार-पाचदा उठणारं डोकं रोज उठायला लागलं, ते गोळीमुळं." त्या घरातल्या माणसांसमोर तिच्या दुखण्याला खरं म्हणणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोवर "हिचं डोकं कायमचंच" एवढीच त्याची किंमत होती. ज्या दुखण्याला घरात कुणी आजार म्हणत नाही, त्याच्या गोळीला बाई तरी औषध कशी म्हणणार?

गोळी सोडल्यावरचे पहिले दोन आठवडे वाईट गेले. डोकं पूर्वीपेक्षा जोरात उठायचं, उलट्या व्हायच्या. मधल्या काळापुरतं डॉक्टरांनी नेप्रोक्सेन हे वेदनाशामक ठरावीक दिवसच दिलं होतं, सोबत उलटीची गोळी. एका रात्री तिचा फोन आला, "काकू, ती एकच द्या, परत मागत न्हाई." मी दिली नाही, तिच्या घरी गेले. खोलीतला दिवा घालवला, टीव्ही बंद करायला लावला, सासूबाईंनी सुंठ उगाळून कपाळाला लेप लावला, वर ओलं फडकं. लेपानं अर्धशिशी बरी होत नाही, पण सासू उशाशी बसली याचा तिला आधार वाटला, तो मी डोळ्यांनी बघितला.

डोकं उठूच नये म्हणून रोज घ्यायची औषधं वेगळी असतात, हे फार लोकांना माहीत नसतं. प्रोप्रॅनोलॉल स्वस्त आणि चांगलं, पण दमा असेल तर चालत नाही आणि हिच्या वाहिन्या नुकत्याच आवळून सुटलेल्या, म्हणून तिला नाही दिलं. फ्लुनारिझीननं वजन वाढतं, झोप येते, मन खचलेल्याला ते देत नाहीत. टोपिरामेटनं मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही लांबच ठेवायची. तिला रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन 10 मिलिग्रॅम बसलं. सकाळी तोंड कोरडं पडतं एवढीच तिची तक्रार. सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान गटातली औषधं 1990 च्या दशकात आली आणि पुष्कळांना त्यांचा चांगला गुण येतो, पण तीही वाहिन्या आवळणारीच. हृदयविकार, पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती घ्यायची नाहीत, आणि अर्गोटामीन घेतल्यापासनं 24 तासांत तर नाहीच नाही. तिला ती कायमचीच बंद. अर्धशिशीत डोकं दुखवणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं 2018 पासून आली आहेत. जुनाट अर्धशिशीसाठी बोटॉक्सही देतात, डोक्यामानेवर 31 ठिकाणी, दर बारा आठवड्यांनी. डॉक्टरांनी तेही सांगितलं. शिवणकामाच्या पैशात ते बसणारं नाही, आणि तिला त्याची गरजही पडली नाही.

दुधाचे खाडे मांडायच्या कॅलेंडरवरच ती आता डोकं दुखल्याचे दिवस लाल पेनानं मांडते, गोळी घेतली तर त्याला गोल. लाल खुणा महिन्याला पाच-सहावर आल्या आहेत, गोल त्याहून कमी. जेवणाची वेळ चुकवत नाही. पुढच्या नवरात्रात तिनं नऊ दिवसांचा हट्ट सोडून उठता-बसता उपवास केला आणि सासूबाईंनीच तो तिला सुचवला.

माझ्या दुकानात आता क्लॅरिथ्रोमायसीन, एरिथ्रोमायसीन किंवा नायट्यासाठी सर्रास लिहिलं जाणारं इट्राकोनाझोल गेलं, की घेणाऱ्याला "डोक्याची गोळी खाता का?" हे विचारल्याशिवाय ते पाकिटात पडत नाही. इट्राकोनाझोलही त्याच एन्झाइमला अडवतं.

मध्ये ती धाकट्या बहिणीला घेऊन आली, गडहिंग्लजहून. अर्धशिशी घराण्यात उतरते, बहिणीलाही आहे. तिला डोकं उठायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढं नागमोडी चमकती रेघ दिसते, मग अर्धी नजर धूसर होते. मी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

"काय न्हाई."

"खोटं नको बोलू," ही मागनं म्हणाली, "पिशवी उलटी कर काकूंच्या समोर."

पाळणा लांबवायच्या गोळ्या निघाल्या, इस्ट्रोजेन असलेल्या. डोळ्यांपुढं अशी रेघ येणाऱ्या अर्धशिशीत त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, त्या घेऊच नयेत. मी दोघींना तिथनंच डॉक्टरांकडं पाठवलं. बहिणीनं त्या गोळ्या सोडल्या आणि महिन्याभरात तांबी बसवून घेतली.