अफगाण चर्चच्या भिंतीवरची ओळ

आज कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये भिंतीवरचा लेख वाचत होते आणि एका ओळीपाशी पाय थबकले. इंग्रजांच्या पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मरण पावलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र एवढंच, की ते इतके होते की त्यांची अशी नोंद करणं शक्य नाही.

शक्य नाही?

१८४७ मध्ये पायाभरणी झाली, १८५८ मध्ये चर्च खुलं झालं. तेव्हा मनोरा नव्हताच, तो १८६५ मध्ये पुरा झाला. जवळजवळ ६० मीटर उंच. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. (विहार तलावही त्याचाच, मुंबईने हे विसरू नये.) वेदीमागचा पडदा आणि जमिनीवरच्या नक्षीदार फरशा लंडनच्या विल्यम बटरफिल्डने आखल्या, रंगीत काचा विल्यम वेल्सच्या. खिडक्यांतून येणारा उजेड अजून डोळ्यांसमोर आहे, खरंच देखणी वास्तू.

पण दगड कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. तो फोडला, घडवला, एवढ्या उंचीवर चढवला तो कुणी? आणि त्या पलटणींतले शिपाई? बॉम्बे आर्मीत, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या फौजेत, कोकणातली, देशावरची किती माणसं होती! त्यांच्या घरी काय कळवलं असेल?

एवढ्या वर्षांच्या बांधकामात भिंतीला जागा कमी नव्हती.

त्या पलटणींचे हजेरीपट कुठल्या दफ्तरात कुणी पाहिलेत का? असतील तर मला ते वाचायचे आहेत.