नर्सला एवढी अ‍ॅनाटॉमी कशाला?

प्रवेशाच्या वेळी मुलींचे वडील विचारतात, लग्नाच्या पंगतीत नातेवाईक विचारतात आणि पहिली टेस्ट झाली की मुलीही विचारतात, "मॅडम, आम्हाला कुठे ऑपरेशन करायचंय?" जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवते मी, त्यामुळे हा प्रश्न काही चुकत नाही.

सर्जनला पोट उघडून आत बघता येतं. सिस्टरला ती सोय नाही. आत काय कुठे आहे, ते तिला बंद कातडीवरून, बोटांनी ओळखावं लागतं, आणि तेही रात्री दोनला, अर्धवट उजेडात.

कमरेतलं इंजेक्शनच घ्या. माझ्या पहिल्या नोकरीत एक बाई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. कुठेतरी सुई टोचून दोन दिवस झाले होते. "ताप उतरला, पण पाय ओढतोय," म्हणाली. चालताना पोराचा पंजा लोंबत होता. कुल्ल्यातून बोटाएवढी जाड सायॅटिक नर्व्ह खाली पायात जाते, सुई तिच्या वाटेत गेली होती. म्हणून मी मुलींना सुई हातात देण्याआधी मैत्रिणीच्या खुब्यावर तळवा ठेवायला लावते. उजवा खुबा असेल तर डावा हात. तळव्याची टाच खुब्याच्या उंचवट्यावर, तर्जनी पुढच्या टोकदार हाडावर, मधलं बोट कमरेच्या कडेने मागे ताणायचं. दोन बोटांमध्ये जो त्रिकोण उरतो, तिथे टोचायचं. पहिल्या दिवशी नुसती खिदळाखिदळ होते. निम्म्या जणींना स्वतःचं कमरेचं हाडही सापडत नाही.

हृदय शिकवायला मी मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं आणते. माळकरी घरातल्या दोघी-तिघी दाराशी उभ्या राहतात. (जबरदस्ती नाही करत. तास संपेपर्यंत त्याही टेबलापाशी आलेल्या असतात.) ब्लेडने आडवं कापलं की सांगते, दोन्ही कप्प्यांची भिंत चिमटीत धरा. उजवी पातळ, डावी चांगली जाड. "असं का?" उजव्याला रक्त शेजारच्या फुफ्फुसात ढकलायचंय, डाव्याला थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत. एका ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके; म्हणजे पाच लिटरचा तेलाचा डबा दर मिनिटाला रिकामा. हे ऐकल्यावर ब्लड प्रेशरचा पट्टा बांधताना त्यांचा चेहरा बदलतो.

एकीने पेपरात हृदयाच्या आकृतीखाली 'लिव्हर' लिहिलं होतं. तिचा राग येईना. आपण बोलताना काळजाला हात घालतो, काळजाचं पाणी करतो, आणि छातीवर हात ठेवतो. पण काळीज म्हणजे यकृत, हे खाटकाला पक्कं ठाऊक असतं.

सगळंच लागतं, असं मात्र म्हणणार नाही. मनगटातल्या आठ हाडांची नावं पाठ नसल्याने कुणाची रात्रपाळी अडलेली मी पाहिली नाही. परीक्षेत विचारतात म्हणून घोकून घेते, इतकंच. इंग्रजी नावांनी मराठी माध्यमातल्या पोरी आधीच दबून जातात. खांद्याचा फरा, नडगी, बरगडी हे शब्द त्यांच्या घरात असतात. तिथून सुरुवात केली की स्कॅप्युला, टिबिया आपोआप येतात.

मागच्या महिन्यात वॉर्डात गेले होते. सेकंड इयरची एक मुलगी एनिमा द्यायच्या तयारीत होती आणि एका म्हातारीला डाव्या कुशीवर वळवत होती. म्हातारी कुरकुरली, "हीच कूस कशाला गं?"

"मावशी, मोठं आतडं शेवटी डावीकडून खाली उतरतं. या कुशीवर पाणी सहज आत जातं."

म्हातारीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "मग आधी सांगायचं की गं! मी कधीची उजवीकडे तोंड करून पडलेय."