देव बनवायचा तर आधी गुरव बनवा

फँटसी गेमचं जग बनवायला बसलेला माणूस नकाशा झाला की लगेच काय करतो, तर देवांची यादी काढतो. युद्धाचा एक, समुद्राचा एक, प्रेमाची देवी, मरणाचा कुणीतरी काळ्या झग्यातला, आणि चोरांचा एक मिश्कील देव तर पाहिजेच. प्रत्येकाला रंग, चिन्ह, आवडतं हत्यार. मंत्रिमंडळाचं खातेवाटप असतं ना, अगदी तसं. आम्ही काही मित्र मिळून सध्या एक छोटं टेक्स्टवालं ऑनलाईन जग बांधतोय (ग्राफिक्स शून्य, वाचायचं आणि टाईप करायचं, हो, आजच्या जमान्यात) आणि देवाधर्माचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे डोक्यात सतत हेच चालू असतं, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकू.

ही खातेवाटपाची सवय जुनीच आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या फँटसी गेमवाल्यांनी १९८० मध्ये देवांचं एक अख्खं पुस्तक काढलं होतं, ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, आपले इंद्र-अग्नी पण त्यात, आणि प्रत्येकाला हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार खाल्ला की मरणार त्याचा आकडा. झ्यूसला ४००. आता देवाला एकदा आकडा चिकटवला की पोरं विचारणारच की मग मारता येतो का? एव्हरक्वेस्ट हा ऑनलाईन गेम १९९९ ला आला तेव्हा कॅरेक्टर बनवतानाच देव निवडायला लागायचा. त्यात ट्युनारे ही एल्फ लोकांची निसर्गदेवी. पुढच्याच वर्षाच्या शेवटी एक्सपान्शन, म्हणजे गेमचा वाढीव भाग आला आणि थेट तिच्या लोकात जायची सोय झाली, मग काय, तिचेच भक्त असलेले ड्रुइड आणि रेंजर टोळी करून जायचे, तिला मारायचे, लूट वाटून घ्यायचे, आणि काही दिवसांनी देवी परत जागेवर हजर, पुढच्या टोळीसाठी. भक्तांना तरी काय बोलणार, रोजच्या खेळात देवीशी त्यांचा व्यवहार तो काय होता? प्रोफाईलमधली एक ओळ.

याच्या उलटं टोक टेक्स्ट गेममध्ये सापडतं. जुन्या मडमध्ये (MUD, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायचे टेक्स्टवाले ऑनलाईन गेम) अ‍ॅडमिनलाच गॉड म्हणायचे, इम्मॉर्टल म्हणायचे, कारण सर्व्हर बंद करायची ताकद त्याच्याकडे. (अल्टिमा ऑनलाईनमध्ये ऑगस्ट १९९७ ला टेस्टिंग चालू असताना खुद्द गेमचा कर्ता रिचर्ड गॅरिअट लॉर्ड ब्रिटिश बनून प्रजेला भेटायला आला आणि एका प्लेअरने फायर फील्डचा स्क्रोल वापरून त्याला जाळून टाकलं, अमरपणाची सेटिंग चालू करायची राहिली होती म्हणे. देव नव्हता, राजा होता, पण व्हायचं ते झालं.) अकेया नावाचा गेम १९९७ पासून चालू आहे, तिथे देवांच्या भूमिका खरी माणसं करतात, प्लेअर त्यांच्या ऑर्डरमध्ये, म्हणजे पंथात जातात, मारलेल्या प्राण्यांची प्रेतं श्राइनवर, म्हणजे देवस्थानावर वाहतात आणि त्यातून देवाला एसेन्स, म्हणजे शक्ती मिळते. मला हे फार आवडतं. तिथे भक्ताला देव हवा असतोच, पण देवालाही भक्ताची गरज असते.

तर माझं म्हणणं असं की देव कशाचा हे सगळ्यात शेवटी ठरवावं. आधी ठरवायचं की त्याला काय द्यावं लागतं, ते कोणाच्या हातून जातं, आणि नाही दिलं तर काय होतं.

मी मूळचा सिंधुदुर्गातला, त्यामुळे हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. आरवलीचा वेतोबा घ्या. कशाचा देव आहे ते एका शब्दात सांगून दाखवा. भुताखेतांचा धनी म्हणा, राखणदार म्हणा, काहीही म्हणा. पण त्याला काय लागतं ते अख्ख्या तालुक्याला माहीत आहे, केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला. रात्री राखणीला फिरतो म्हणून चपला झिजतात. आता गेमवाल्याच्या नजरेने बघा, एका चपलेतून किती निघतं! देव चालतो म्हणजे त्याला हद्द आहे, हद्द संपली की दुसऱ्या कुणाचं राज्य, चपला शिवणारा कारागीर लागणार, त्याला चामडं लागणार, जुन्या झिजलेल्या चपलांचं काय करायचं हाही प्रश्न येणार. चार क्वेस्ट (प्लेअरला द्यायच्या कामगिऱ्या) तर इथेच झाल्या. आमच्याकडच्या सातेरी देवीला तर कित्येक ठिकाणी मूर्तीच नाही, वारूळ आहे, आणि ते वाढतं. वाढणारी देवी! कुठल्या खात्याच्या यादीत हे सुचलं असतं?

आणि भांडणं. धर्म म्हटला की मानपान आला, पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोणाचा, यावरून कोर्टात गेलेली गावं आहेत. पंढरपूरच्या देवळातले बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क संपायला २०१४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला. फँटसी गेममध्ये मात्र पुजारी म्हणजे फक्त जखमा बऱ्या करणारा, पांढऱ्या कपड्यातला. तो खातो काय, देवळापुढची पेटी कोण उघडतं, काही पत्ता नाही.

आमच्या जगात एक मिठागरांचं खोरं आहे, तिथली देवी खारजाई. तिच्यासाठी मी गाऱ्हाणं आणि कौल घेतलाय सरळ आपल्याकडचा. गुरव गाऱ्हाणं टाईप करतो आणि देवळात हजर असलेल्या बाकीच्यांनी दर ओळीला 'होय महाराजा' टाईप करायचं, जितके जास्त लोक साथ देतील तितकं गाऱ्हाणं वजनदार. मग देवीला लावलेली पाकळी पडते, उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. हे उत्तर रँडम नाही बरं का, पुढच्या आठवड्यात पाऊस मीठ धुऊन नेणार का, दरोडेखोर उतरणार का, हे सर्व्हरला आधीच ठाऊक असतं, त्यातून येतं. आणि कुठली पाकळी पडली हे फक्त गुरवाला दिसतं. आमचा कोडर म्हणाला अरे हा तर धडधडीत एक्स्प्लॉइट (गैरफायदा घ्यायची पळवाट) आहे, गुरव खोटं सांगेल. मी म्हटलं सांगू दे की. दोनदा खोटं पडलं तर गाव दुसरा गुरव बघेल, आणि तो पहिला गप्प बसेल असं वाटतं का तुला?

नवसाचं पण असंच. बोललेला नवस नोंदला जातो, काम झालं आणि फेडला नाही तर बाकी त्या प्लेअरवर न राहता त्याच्या घराण्यावर चढते, म्हणजे गेम सोडून पळालेल्या आजोबाचा नवस नवीन आलेल्या पोराला निस्तरावा लागेल. यावर अजून वाद चालू आहे.

खरी कथा कुठली, हेही मी लिहून ठेवलेलं नाही. एल्डर स्क्रोल्स या गेममालिकेवाल्यांनी हे छान केलंय, एकच देव माणसं अकाटोश म्हणून पुजतात, एल्फ ऑरी-एल म्हणून, मांजरासारखे खजीत अल्कोश म्हणून, आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही म्हणा, खंडोबाची म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, त्यामुळे दोन्हीकडून जावई तोच, आणि त्यालाच मल्लूखान म्हणणारेही आहेत. तर खारजाईबद्दल मिठागरवाले एक सांगतील, नावाडी दुसरंच, आणि डेव्हलपरच्या फाईलमध्येसुद्धा निकाल नाही.

खऱ्या देवांची नावं मात्र वापरायची नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं. स्माइट या देवांच्या लढाईच्या गेममध्ये काली आणली तेव्हा २०१२ मध्ये केवढा निषेध झाला होता, आणि मला तो अगदीच बिनबुडाचा वाटला नाही.

आता अडलंय जत्रेवर. अर्धे मित्र पुण्यात, एक न्यू जर्सीत, इथे रात्रीचे ९ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेअकरा, ऑफिसातून पालखी कशी उचलणार. ठरलेली तिथी ठेवली की कोणीतरी कायमचं मुकणार. शेवटी मी आंगणेवाडीची आठवण करून दिली, भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही, देवीचा कौल घेऊन तारीख निघते. सगळ्यांना पटलं, तारीख खारजाईच देणार. न्यू जर्सीवाल्याचा लगेच मेसेज, गुरव मी होतो.