रुमालात बांधलेल्या बांगड्या

आळत्याहून परत येऊन आठ दिवस झाले. जो भेटतो तो एकच विचारतो, "दहा दिवस न बोलता राहिलीस कशी?" तोंड बंद ठेवणं सोपं होतं, असं सांगितलं तर कुणाला पटत नाही. म्हणून लिहायला बसले. मला खरं तर एका मावशींच्या बांगड्यांबद्दल लिहायचंय, पण त्या आधीचं थोडं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

वडील गेल्यापासून मंगळवार पेठेतल्या घराच्या वाटणीवरून दादाचं आणि माझं बिनसलंय. वर्ष झालं, आम्ही फक्त कागदांवरून बोलतो. झोप उडाली होती. विपश्यनेचा, म्हणजे दहा दिवसांच्या मौन ध्यानशिबिराचा, अर्ज भरला तो असल्या अवस्थेत.

कोल्हापुरातून हातकणंगल्यापर्यंत एसटीत उभ्यानं, तिथून रिक्षानं आळते आणि रामलिंगच्या रस्त्यावर धम्म आलय हे विपश्यना केंद्र. घरापासून तासाभराची वाट, आणि चाळीस वर्षं कोल्हापुरात राहून मी तिकडे कधी फिरकले नव्हते. संध्याकाळी मोबाईल, वही, पेन सगळं जमा केलं. रात्रीपासून आर्य मौन सुरू झालं. म्हणजे बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही. फार अडलं तर शिबिरात मदत करणाऱ्या धम्मसेविकेशी किंवा ध्यान शिकवणाऱ्या सहायक आचार्यांशी हळू आवाजात दोन शब्द.

पैसे मात्र कुणी मागितले नाहीत. राहण्या-जेवणाचं शुल्क नसतं, आणि एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय दानही घेत नाहीत. म्हणजे माझ्या ताटातली भाकरी माझ्या आधी तिथे बसून गेलेल्या कुणीतरी दिलेली होती. पहिल्या दिवशी जेवताना हे मनात आलं आणि घास घशात अडकला.

पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान. अकराला जेवण, पाचला चुरमुरे, फळ, चहा, आणि मग दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत काही नाही. मला भुकेचा त्रास झाला नाही. गादी पातळ होती, तिचीही सवय झाली. गुडघ्यांची मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

पहिले साडेतीन दिवस नुसता श्वास. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठावर जी एवढीशी जागा आहे, तिथे मन टेकवायचं. ते टेकतच नव्हतं. बाहेर चिमणीचासुद्धा आवाज ऐकू यावा एवढी शांतता, आणि आत मी दादाला उत्तरं देत होते. एक दिलं की त्याहून धारदार दुसरं सुचायचं. चौथ्या दिवसापर्यंत मी अख्खा खटला लढून जिंकला होता आणि मला रडू येत होतं.

याच दिवसांत मला मावशींच्या बांगड्या दिसल्या.

खोलीत आम्ही दोघी. त्या पासष्टीच्या असाव्यात. त्यांचा चेहरा मी नीट पाहिला नव्हता, पाहायचा नव्हताच. मला माहीत होते त्यांचे भेगाळलेले पाय, घडी घालून ठेवलेलं नऊवारी आणि मनगटं. दोन्ही हातांत डझन-डझन हिरव्या काचेच्या बांगड्या. उतरवल्या नव्हत्या, त्या वयात कोण उतरवेल? पण दुसऱ्या रात्री दिव्याच्या उजेडात पाहिलं, तर दोन्ही मनगटांवर रुमाल घट्ट गुंडाळून गाठ मारलेली. किणकिण होऊ नये म्हणून. पहाटे अंधारात उठताना, कूस बदलताना, पांघरूण ओढताना माझी झोप मोडू नये म्हणून. अंघोळीला जाताना सोडायच्या, आल्यावर दातात एक टोक धरून पुन्हा बांधायच्या. ओळख ना पाळख, नाव माहीत नाही, आणि ही बाई माझ्यासाठी रोज दोनदा गाठी मारते! मी रात्री पडल्या पडल्या त्या गाठींकडे बघत राहायचे. मौनाचे नियम मी फलकावर वाचले होते, अर्थ तिथे बसून कळला.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली. डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहत जायचं. त्यानंतर अधिष्ठान सुरू होतं. रोज तीनदा एकेक तास डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. शिकवणारा आवाज सत्यनारायण गोयंकांचा, ध्वनिमुद्रित. ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मलेले हे व्यापारी डोकेदुखीनं हैराण होऊन तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि १९६९ मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले. २०१३ मध्ये ते गेले, तरी शिबिरं त्यांच्याच आवाजात चालतात. त्यांचं एक सांगणं मला पाचव्या दिवशी अडीचच्या अधिष्ठानात कळलं. आपल्याला वाटतं आपण बाहेरच्या माणसावर चिडतो. प्रत्यक्षात शरीरात जी संवेदना उठते, तिच्यावर मन प्रतिक्रिया देत असतं.

दादाचं एक वाक्य आठवलं. त्याबरोबर जबडा आवळला, घशात धग उठली. रोज हे होत असणार, मी कधी पाहिलं नव्हतं. यावेळी उत्तर शोधायला गेले नाही, धगीकडे बघत बसले. ती वाढली, कानापर्यंत आली, मग विरली. वाक्य तिथेच होतं, पण त्याला चटका उरला नव्हता. दोन-तीन मिनिटांचा खेळ. त्यानंतर तसंच पुन्हा दर वेळी झालं असं नाही.

सहावा ते नववा दिवस गुडघेदुखीत आणि प्रवचनांत गेले.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. नैराश्यावर औषधं घेणाऱ्या एका मैत्रिणीला मी मागे "दहा दिवस बसून ये, गोळ्या सुटतील" म्हटलं होतं. अर्जात मानसिक आजाराबद्दल स्पष्ट विचारतात, ते का हे आत गेल्यावर समजलं. उसंत नसते तिथे, जे दडलंय ते वर येतं. मी तिला फोन करून माफी मागितली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा आजारात कुणी जाऊ नये. आणि हल्ली रिसॉर्टवर "मौन" विकतात, पोहण्याच्या तलावाकाठी फोटोंसकट, त्याचा मला राग येतो. रुमालाची गाठ तिथे कुठून येणार?

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, झाली आणि मौन सुटलं. अंगणात एकदम कलकलाट. मी खोलीत आले तर मावशी खाटेवर बसून गाठी सोडत होत्या. हात झटकले आणि बांगड्या वाजल्या. दहा दिवसांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शिरोळकडच्या होत्या.

"तुमी झोपंत बोलत हुतासा की वो," त्या म्हणाल्या. "पयल्या चार-पाच राती."

मी चपापले. "काय बोलत होते?"

"काय न्हाई, 'दादा, थांब की' म्हणत हुतासा. लई येळा. बारीक पोरगी म्हागं राहिल्यागत." त्यांनी रुमालांची घडी घालून पिशवीत ठेवली. "मंग गप झालासा. म्या म्हटलं, बरं झालं, गावला वाटतं दादा."