तुम्ही विचारलेत म्हणून: त्या डबीत असते तरी काय?

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून जीपीएसने शोधण्याचा खेळ. त्याबद्दल ज्याला सांगावे तो हेच विचारतो, की काणकोणच्या उन्हात एवढी पायपीट करून जी डबी शोधता, तिच्यात असते तरी काय? सरळ उत्तर द्यायचे तर कागदाची गुंडाळी, पेन्सिलीचा तुकडा आणि फार तर एखादे खेळणे. कागदावर नाव व तारीख लिहावी आणि डबी होती तिथेच ठेवावी, एवढेच. पेन्सिल अशासाठी, की गोव्याच्या पावसाळ्यात कितीही घट्ट झाकणाच्या डबीत ओल शिरते आणि शाई पसरते.

२ मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे ठिकाण शंभरेक मीटरनेही चुके. ते बंद झाले आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आता साधा फोनही काही मीटरपर्यंत नेऊन सोडतो, पण खरा शोध तिथून पुढे सुरू होतो. काब द रामच्या किल्ल्याकडच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर) किंवा खोला गावाच्या उतारावर जुन्या गडग्यासमोर, म्हणजे दगडी कुंपणासमोर, उभे राहिले, की प्रत्येक चिऱ्याला भोके आणि प्रत्येक भोकात डबी मावेल असे वाटते. तेव्हा फोन खिशात घालावा आणि शेवाळ न धरलेला, बाकीच्यांशी न जुळणारा दगड नजरेने हुडकावा. त्या शोधात गडग्याची बांधणी, पाण्याची जुनी वाट, कोणे एके काळच्या पोरसाची (परसबागेची) हद्द असे बरेच काही दिसते, आणि मी जातो ते मुख्यतः त्यासाठी.

खेळाचा एक संकेत मात्र मला इथे पटत नाही. न खेळणाऱ्यांच्या नजरेत न येता शोधावे, असे सांगतात. ज्या वाड्यावर चार घरांपैकी तीन बंद आहेत, तिथे परका माणूस लपणार कसा? अंगणात मिरच्या वाळत घालणारी आजी "कोणाकडे आलात?" असे विचारतेच, आणि तिला खरे सांगणे हेच बरे.

बंद घर म्हणजे बेवारशी घर नव्हे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा गोव्यात अजून चालतो. मुलगे-मुली सारखेच वाटेकरी, आणि वाटण्या न झाल्यास दोन पिढ्यांत एका घराचे मालक मुंबई, आखात आणि इंग्लंडभर पसरतात. डबी ठेवण्यापूर्वी जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी असा नियम आहे. पण कौले ढासळलेल्या घराच्या सोप्यावर ठेवायची झाली तर परवानगी द्यायची कोणी? कोणी हजर नाही म्हणून ती गृहीत धरणे मला गैर वाटते, आणि तुळशीवृंदावन किंवा क्रूस यांच्या आसपास तर डबी नकोच.

अशा ठिकाणी मी अर्थकॅश (इंग्रजी 'अर्थ', म्हणजे पृथ्वी) या प्रकाराच्या बाजूचा आहे. त्यात काहीच लपवलेले नसते; सांगितलेल्या जागी जाऊन तिथला भूगर्भ पाहायचा आणि ती जागा सुचवणाऱ्याच्या प्रश्नांची उत्तरे त्याला पाठवायची. सड्यावर विचारण्यासारखे पुष्कळ आहे: उघड्यावरचा जांभा वरून कठीण आणि आत मऊ का, त्याचा तांबडा रंग कशाने, आणि पावसाचे पाणी त्यातून मुरून कुठे बाहेर पडते.