नवी पीप आणि मुलीवरचा ठपका

इंदूरला रामबागेत माझं एअर रायफल दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. त्या दिवशी एक गृहस्थ शाळकरी मुलीला घेऊन आले. दहा मीटरच्या रायफलसाठी महागाची नवी पीप साईट, म्हणजे डोळ्याजवळची बारीक भोकातून नेम धरायची साईट, घेतली होती आणि तेव्हापासून तिचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा छऱ्यांचा पुंजका, पसरत होता. "हिचं लक्षच नाहीये हल्ली," वडील म्हणाले. कोचनी तर तिच्या ट्रिगरवरच्या बोटावर खापर फोडलं होतं. पोरगी मान खाली घालून उभी. मला ते बघवेना.

तिलाच विचारलं, "नेमकं कधी बिघडतं गं?"

"काका, पीप सरकवायच्या नॉबचे क्लिक उलटे फिरवले ना, की पुढचा शॉट आधीच्याच जागी लागतो. आणखी फिरवले की एकदम पळतो."

अर्धं निदान तिनेच केलं होतं.

पीप वाइसमध्ये पकडलेल्या रेलवर, म्हणजे रायफलवर ती जिच्यावर बसते तसल्या पट्टीवर, कसली आणि सरकत्या भागाला बारीक हालचाल काट्यावर दाखवणारा डायल गेज टेकवला. उजवीकडे एकेक क्लिक दिला, काटा नेमाने पुढे गेला. डावीकडे वळवलं, तर क्लिक वाजतायत आणि काटा जागचा हलेना! आतल्या स्क्रूच्या आट्यांत खेळ, म्हणजे सैलपणा होता, तोही कोऱ्या मालात. पीप रेलला धरणाऱ्या पकडीच्या जबड्याला मार्करची शाई लावून पुन्हा कसलं, तर शाई एकाच टोकाची पुसली गेली. म्हणजे जबडाही रेलवर पुरता बसत नव्हता.

रायफलच्या दोन साईटमध्ये साधारण पाऊण मीटर अंतर असतं. पीप 0.1 मिलिमीटर हलली तरी दहा मीटरवर छर्रा 1.3 मिलिमीटर भरकटतो. टार्गेटवरची वर्तुळं 2.5 मिलिमीटरच्या अंतराने असतात आणि दहाचा ठिपका जेमतेम 0.5 मिलिमीटरचा. दशांशात गुण मोजतात तिथे अर्धा गुण असाच जातो, मुलीचा श्वास कितीही स्थिर असो.

विक्रेत्याला फोन लावला. "थोडं घासून बसवून द्या ना," तो म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. एकदा कानस लागली की कारखान्याचा दोष आपल्या गळ्यात पडतो, मग बदली कोण देणार? क्लिकचा आवाज आणि थांबलेला काटा एकत्र दिसेल असा व्हिडिओ काढून पाठवला, तेव्हा कुठे तो माल परत घ्यायला तयार झाला.

जुनी पीप चढवून मुलीला रेंजवर पाठवलं. संध्याकाळी वडिलांचा फोन आला, ग्रुप जुळला म्हणून. मी म्हटलं, "हे मला नंतर सांगा. आधी पोरीला सांगा, तुझं काही चुकलं नव्हतं. आणि बदलून आलेली पीप रायफलवर चढवण्याआधी माझ्याकडे घेऊन या, तीही गेजवर लावून बघू."